हिरडी जाड की पातळ? एका मिलिमीटरची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती आणि मधले 'म्हणजे काय तर' काढून टाकले आहेत. बाकी बोलणं जसं झालं तसंच ठेवलंय.

आज जरा तोंडातलं बोलू या. अगदी शब्दशः.

गेल्या भाऊबीजेला मामा आमच्याकडे आला होता. ओवाळणं झालं, फराळाची ताटं आली. आईने नेहमीसारखं फ्रीजमधलं पाणी बाजूला सारलं आणि माठातलं घेतलं, कारण थंड पाणी लागलं की तिच्या दातांत सणक जाते. मामा लगेच म्हणाला, "ताई, तुझे दात किती लांब दिसायला लागलेत गं! हिरड्या पार वर गेल्या. माझ्या बघ, कशा टणक आहेत. कधी रक्ताचा थेंब नाही." आणि त्याने ओठ वर करून आम्हाला हिरड्या दाखवल्या. खरंच, गुलाबी, भरदार, घट्ट.

पण तोच मामा चकली मात्र एकाच बाजूने खात होता. मी विचारलं तर म्हणाला, "काही नाही गं, डावीकडची दाढ जरा हलते."

पुढच्या आठवड्यात दोघांनाही मी हिरड्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. माझा अंदाज असा की आईचं प्रकरण गंभीर निघणार आणि मामाला एखादी गोळी देऊन पाठवतील. झालं नेमकं उलटं. आईचे सगळे दात पक्के. हिरडी थोडी सरकलेली, पण आजार नाही. मामाच्या दोन दाढा मात्र काढाव्या लागल्या, आणि आणखी चार दातांभोवतीचं हाड बरंच झिजलेलं निघालं.

डॉक्टरांनी दोघांना समोरासमोर बसवून एकच वाक्य सांगितलं: "काकूंची हिरडी पातळ आहे आणि काकांची जाड. म्हणून काकूंना जे झालं ते सगळ्यांना दिसलं आणि काकांना जे झालं ते कुणालाच दिसलं नाही."

आजचा भाग त्या वाक्याबद्दल आहे.

आधी आरशासमोर उभे राहा

ऐकताय किंवा वाचताय तिथे आरसा असेल तर बरं. नसेल तर मोबाईलचा सेल्फी कॅमेरा चालेल. खालचा ओठ हलकेच पुढे ओढा.

दातांना लागून एक फिकट गुलाबी, घट्ट पट्टी दिसेल. ओठ हलवला तरी ती हलत नाही, कारण ती खालच्या हाडाला आणि दाताच्या मुळाला घट्ट चिकटलेली असते. तिच्या पलीकडे गडद लाल, मऊ, चकचकीत भाग सुरू होतो. तो ओठाबरोबर हलतो, त्यात बारीक रक्तवाहिन्याही दिसतात. दोन्हींच्या मधली सीमारेषा बहुतेकांना स्पष्ट दिसते. खरी हिरडी म्हणजे ती घट्ट पट्टी. चावताना, ब्रश करताना जो मारा होतो, तो सोसायची ताकद तिच्यात असते. पलीकडच्या लाल भागात ती नसते.

काहींच्या हिरडीवर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे दिसतात. तेही नैसर्गिक. आणि आपल्याकडे अनेकांच्या हिरडीवर तपकिरी किंवा काळसर डाग असतात. ते पाहून घाबरून जाऊ नका. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन हिरडीतही असतं, इतकंच. मात्र एखादा डाग अचानक नव्याने आला किंवा वाढत असेल तर दाखवून घ्या.

आता या पट्टीची दोन मापं असतात. एक रुंदी, म्हणजे दातापासून सीमारेषेपर्यंतचं अंतर. दुसरं जाडी, म्हणजे बाहेरच्या पृष्ठभागापासून आत दातापर्यंत किंवा हाडापर्यंत हिरडीचा थर किती आहे ते. रुंदी आरशात दिसते, जाडी दिसत नाही, आणि आपला विषय तीच आहे.

जाड म्हणजे किती जाड?

सीमा आहे १ मिलिमीटर. तुमच्या पाकिटातल्या एटीएम कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते. म्हणजे एका कार्डापेक्षा थोडं जास्त. १ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर हिरडी पातळ, त्याहून जास्त असेल तर जाड.

माणसामाणसांच्या हिरडीत फरक असतो हे डॉक्टरांच्या लक्षात फार पूर्वी आलं होतं. १९६९ मध्ये ऑक्सेनबाइन आणि रॉस या दोघांनी तिचे दोन ढोबळ प्रकार मांडले: एक पातळ आणि कमानदार, दुसरा जाड आणि सपाट. १९८९ मध्ये सायबर्ट आणि लिंडे यांनी त्याला 'बायोटाइप' हा शब्द वापरला आणि तो दवाखान्यांत रुळला. मग २०१७ मध्ये शिकागोत अमेरिका आणि युरोपातल्या हिरडीतज्ज्ञांच्या संघटनांनी एकत्र बसून सगळ्या व्याख्या नव्याने तपासल्या. ते निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे ठरलं की 'बायोटाइप'ऐवजी 'फेनोटाइप' म्हणायचं.

शब्द बदलून काय मोठं झालं, असं मलाही आधी वाटलं होतं. पण फरक आहे. बायोटाइप म्हटलं की वाटतं, जन्माला येताना जे मिळालं ते कायमचं. फेनोटाइप म्हणजे आनुवंशिकता आणि परिस्थिती या दोन्हींतून आज जे दिसतं ते, आणि ते बदलू शकतं. शिवाय फेनोटाइप ठरवताना तीन गोष्टी एकत्र पाहतात: हिरडीची जाडी, घट्ट पट्टीची रुंदी आणि खालच्या हाडाची जाडी. कारण सहसा पातळ हिरडीखालचं हाडही पातळच असतं. काही ठिकाणी तर मुळाच्या बाहेरच्या बाजूला हाड नसतंच, नुसती हिरडी असते. घराच्या भिंतीला गिलावा आहे पण आत विटा नाहीत, असं समजा.

काही ढोबळ खुणा सांगते. पातळ हिरडीच्या लोकांचे पुढचे दात बहुधा लांबट आणि त्रिकोणी असतात, ते एकमेकांना टोकाशी टेकतात आणि हिरडीची कड खूप कमानदार दिसते. जाड हिरडीच्या लोकांचे दात रुंद, चौकोनी असतात आणि कड सपाट असते. आई आणि मामा असे शेजारी बसवले की हे चित्र पुस्तकातल्यासारखं दिसतं. भाऊबहीण असूनही! पण हे नियम नव्हेत. उलट चित्र असलेली माणसंही भरपूर असतात.

आणि आणखी एक. एकाच तोंडात जाडी सगळीकडे सारखी नसते. वरचे सुळे आणि खालच्या सुळ्यामागच्या पहिल्या उपदाढा, इथे ती अनेकदा सर्वांत पातळ सापडते. म्हणून 'माझी हिरडी जाड आहे' हे वाक्य अर्धवट आहे. कुठल्या दाताजवळची, हे विचारायला हवं.

मोजतात कशी?

डॉक्टरांनी तपासायला घेतलं तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, "टोचणार का?"

नाही टोचलं. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक छोटी फट सगळ्यांनाच असते. त्या फटीत डॉक्टरांनी बोथट टोकाची, खुणा असलेली बारीक सळई अलगद सरकवली. तिला प्रोब म्हणतात. आईच्या हिरडीतून सळईचा करडा रंग बाहेर दिसत होता, पातळ ओढणीमागे बोट दिसावं तसा. मामाच्या हिरडीतून काहीच दिसलं नाही. प्रोब दिसला तर पातळ, नाही दिसला तर जाड. इतकी साधी पद्धत आहे आणि नेहमीच्या तपासणीला ती पुरते. हिरडीवर काळसर रंग जास्त असेल तर मात्र प्रोब दिसतो की नाही हे ठरवणं अवघड जातं.

नेमका आकडा हवा असेल तर ती जागा बधिर करून, रबरी टिकली लावलेली बारीक सुई हिरडीतून हाडापर्यंत नेतात आणि टिकली कुठे थांबली ते मोजतात. अल्ट्रासाउंडने न टोचताही मोजता येतं. हाडाची जाडी पाहायची असेल तर सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन. पण तो प्रत्येकाला लागत नाही. नुसतं डोळ्यांनी पाहून सांगायला गेलं तर अनुभवी डॉक्टरही चुकतात, विशेषतः पातळ हिरडी नजरेतून सुटते. म्हणून दातांवर काही मोठं काम करायचं ठरलं तर 'हिरडी पातळ आहे का, प्रोबने बघितलंत का?' असं विचारायला लाजू नका.

आजार एक, नुकसानीच्या तऱ्हा दोन

आता मुख्य मुद्दा. इथे गैरसमज होतो म्हणून सावकाश सांगते.

हिरडीचा आजार, ज्याला आपल्याकडे सर्रास पायोरिया म्हणतात, तो हिरडी पातळ किंवा जाड असल्यामुळे सुरू होत नाही. तो सुरू होतो दातांच्या कडेला साचणाऱ्या जंतूंच्या चिकट थरामुळे. हा थर रोज निघाला नाही तर तो घट्ट होतो आणि त्याचं कीटण बनतं. हिरडी सुजते, ब्रश करताना रक्त येतं. इथपर्यंत सगळं भरून येऊ शकतं. पण काही लोकांत ही सूज आत उतरते आणि दाताला धरून ठेवणारे तंतू आणि हाड यांचा नाश करू लागते. हाड गेलं की साध्या औषधाने ते परत येत नाही. कुणात आजार आत उतरणार हे शरीराच्या प्रतिकारावर ठरतं. तंबाखू, धूम्रपान आणि ताब्यात नसलेला मधुमेह हा धोका वाढवतात.

मग जाडीचं काम काय? जाडी ठरवते की नुकसान कोणत्या रूपात होणार.

पातळ हिरडीत सूज आली की ती बाहेरपर्यंत सगळा थर व्यापते, कारण थरच मुळात कमी. खालचं पातळ हाडही लवकर झिजतं. आधार गेला की हिरडीची कड खाली सरकते आणि मूळ उघडं पडतं. वरच्या दातांत ती वर सरकते, पण अर्थ तोच. दात लांब दिसतो, थंड लागलं की सणक जाते, उघड्या मुळाला कीड लवकर लागते. वाईट आहे, पण दिसतं. माणूस आरशात पाहतो आणि डॉक्टरकडे जातो.

जाड हिरडीत तीच सूज आत शिरते, पण बाहेरची कड जागची हलत नाही. आतल्या बाजूला हाड झिजत जातं आणि हिरडी आणि दात यांच्यामधली फट खोल होत जाते. तिला डॉक्टर पॉकेट म्हणतात. निरोगी फट १ ते ३ मिलिमीटर खोल असते. मामाच्या त्या दाढेजवळ प्रोब ९ मिलिमीटर आत गेला. मी शेजारी उभी होते. सळई आत जात राहिली, जात राहिली, आणि मामाच्या चेहऱ्यावरचा तो भाऊबीजेचा रुबाब उतरत गेला. इतक्या खोल फटीत कुठलाच ब्रश पोहोचत नाही, म्हणून जंतू आत निवांत राहतात.

"पण डॉक्टर, रक्त तर कधी आलं नाही," मामा म्हणाला.

डॉक्टरांनी विचारलं, "सिगारेट?"

मामा गप्प.

धूम्रपानाने हिरडीची रक्त येण्याची खूण दबून जाते. आजार चालूच राहतो, फक्त धोक्याची घंटा वाजत नाही. मामाच्या बाबतीत दोन पडदे होते, एक जाड हिरडीचा आणि दुसरा सिगारेटचा. मागे काय चाललंय ते वीस वर्षं कळलंच नाही.

तेव्हा लक्षात ठेवायचं ते एवढंच: पातळ हिरडी हा आजार नव्हे आणि जाड हिरडी हे कवच नव्हे.

इथेच एक जुनी समजूतही सुटते. 'दात साफ करून घेतले की हिरडी मागे जाते आणि दात हलायला लागतात,' असं तुम्हीही ऐकलं असेल. होतं काय, सूज असते तेव्हा हिरडी फुगलेली असते आणि कीटणाने फटी बुजलेल्या असतात. स्वच्छता झाल्यावर सूज उतरते, हिरडी आक्रसते, फटी मोकळ्या होतात. हाड आधीच गेलेलं असतं, ते तेव्हा उघड होतं. कीटणाच्या आधाराने उभा असलेला दात थोडा हलल्यासारखा वाटतो, तोही त्यामुळेच. दोष स्वच्छतेचा नाही, उशिराचा आहे.

पातळ हिरडीला काय बाधतं?

आईच्या हिरडीत आजार नव्हता, तरी ती सरकली. का? कारण ब्रश. आई भांडी घासावीत तसे दात घासते, आडवे, जोर लावून, आणि तेही कडक ब्रशने. जाड हिरडी असं वागणं बरीच वर्षं सोसते, पातळ हिरडी नाही सोसत. त्याच्याही आधी, लहानपणी आजोळी सगळ्यांबरोबर तीही राखुंडी लावायची. राख, कोळसा, विटेची पूड यांनी दात पांढरे झाल्यासारखे वाटतात, पण ते पॉलिश पेपरने घासण्यासारखं आहे.

आणि मशेरी. यावर मोकळेपणाने बोलायला हवं, कारण आपल्या गावागावांत आज्या, मावश्या ती लावतात आणि तिला व्यसन म्हणतच नाहीत. 'दातांना लावते गं' म्हणतात. मशेरी म्हणजे भाजून कुटलेला तंबाखूच. तो रोज बोटाने हिरडीवर घासला की घर्षण होतं आणि तंबाखूही थेट तिथेच बसतो. हिरडी सरकणं हा त्यातला लहान भाग. तोंडाच्या कर्करोगाचा धोका हा मोठा.

याशिवाय ज्या दातावर कॅप बसवायची त्याची कड हिरडीच्या फार आत नेली तर पातळ हिरडी मागे सरकून कॅपची कड उघडी पडू शकते. इम्प्लांट बसवताना पातळ हिरडीतून धातूची करडी छटा दिसू शकते. हे आधी कळलं तर डॉक्टर कडेची जागा, कॅपचं साहित्य आणि इम्प्लांटची जागा त्याप्रमाणे ठरवतात.

आणि मग माझ्या लेकीची पाळी

हा भाग करायचं खरं कारण आता सांगते. माझी लेक १४ वर्षांची आहे. खालचे पुढचे दात एकमेकांवर चढलेत, म्हणून ब्रेसेस लावायचं ठरलं होतं. पैसेही भरले होते. आईची तपासणी संपताना डॉक्टरांनी सहज विचारलं, "घरात आणखी कुणाचे दात असे त्रिकोणी आहेत?" मी लेकीचा फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, "तार लावण्याआधी एकदा हिरडी बघू या."

तिची खालची हिरडी पातळ निघाली. दोन दातांपुढे तर मुळांचे उंचवटेच हिरडीतून जाणवत होते.

यात अडचण काय, तर दाटीवाटीचे दात सरळ करायला जागा लागते. जागा करायचा एक मार्ग म्हणजे दात थोडे बाहेर ओठाकडे सरकवणं. दात हाडाच्या आत राहून सरकला तर हिरडी पातळ असली तरी सहसा बिघडत नाही. पण तो हाडाच्या बाहेर ढकलला गेला तर पुढे आधार उरतो फक्त पातळ हिरडीचा. मग हिरडी सरकण्याचा धोका वाढतो. कधी ती ब्रेसेस असतानाच सरकते, कधी काढल्यानंतर काही वर्षांनी.

मी घाबरून विचारलं, "मग ब्रेसेस नकोच का?"

तसं नाही. दोन्ही डॉक्टर फोनवर बोलले. दात बाहेर ढकलण्याऐवजी दातांच्या मधल्या बाजू किंचित घासून जागा करायची, असं ठरलं. दुसरा पर्याय होता आधी हिरडी जाड करून घेण्याचा. तो आधी करायचा की हिरडी सरकते का ते पाहून मग, यावर डॉक्टरांमध्येही वेगवेगळी मतं असतात. आमच्याकडे ठरलं की दर तीन महिन्यांनी त्याच कोनातून फोटो काढायचे आणि कड जरा जरी हलली तरी थांबून विचार करायचा. मला वाटतं, हा एक प्रश्न ब्रेसेस लावण्याआधी प्रत्येक आईबापाने विचारावा. दोन मिनिटांचं काम आहे.

जाडी वाढवता येते का?

हा प्रश्न हमखास येतो. मीठ चोळून? तुरटीने? तिळाच्या तेलाने? गम पेंटने? मालिश करून?

नाही. मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या केल्या तर सुजलेल्या हिरडीला तात्पुरता आराम मिळतो, बस. हिरडीचा थर त्याने जाड होत नाही, आणि सरकलेली कड परत येत नाही. मीठ किंवा तुरटी जोराने चोळली तर उलट इजाच होते.

जाडी वाढवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे शस्त्रक्रिया, ग्राफ्ट. आपल्याच टाळूतून ऊतीचा एक छोटा तुकडा घेऊन तो पातळ जागी बसवतात. वरच्या थरासकट तुकडा लावायची पद्धत १९६० च्या दशकात आली. ती भक्कम, पण लावलेला तुकडा ठिगळासारखा वेगळ्या रंगाचा दिसू शकतो. नंतर टाळूच्या आतल्या थरातून नुसती संयोजी ऊती काढून ती हिरडीच्या खाली सरकवण्याची पद्धत रूढ झाली. उघडं मूळ झाकण्यासाठी १९८५ मध्ये लँगर आणि लँगर यांनी ती मांडली, आणि आजही हीच पद्धत आदर्श मानतात. रंग जुळतो, मूळ झाकलं जातं आणि थरही जाड होतो. काही दिवस टाळूला दुखतं आणि मऊ खावं लागतं, हे मात्र खरं.

जाडीचा इथेही संबंध येतो. नुसती हिरडी ओढून मूळ झाकायचं असेल तर तिची जाडी किमान ०.८ मिलिमीटर असली की निकाल चांगला येतो, असं अभ्यासांत आढळलं आहे. त्याहून पातळ असेल तर खाली ग्राफ्टचा आधार देणं श्रेयस्कर.

पण प्रत्येक उघडं मूळ झाकलंच पाहिजे असं नाही, आणि प्रत्येक झाकताही येत नाही. दोन दातांच्या मधलं हाड शाबूत असेल तर पूर्ण झाकलं जाण्याची शक्यता चांगली. ते हाडच झिजलं असेल तर ती शक्यता कमी होत जाते. आईचं मधलं हाड शाबूत आहे, म्हणजे तिला ग्राफ्ट करता आला असता. तिने विचारलं, "नाही केलं तर दात पडतील का?" डॉक्टर म्हणाल्या, "ब्रश नीट केलात तर नाही." आईने नको म्हटलं. मऊ ब्रश घेतला, सणक कमी करणारी पेस्ट घेतली, आणि दर सहा महिन्यांनी मोजणी ठरवली. हा निर्णयही योग्यच आहे. स्वच्छता चांगली असेल तर पातळ हिरडीसुद्धा आयुष्यभर निरोगी राहू शकते.

हिरडी अचानक जाड झाली तर?

हे वेगळं प्रकरण आहे, आणि गोंधळ होऊ नये म्हणून सांगते. जन्मजात जाड हिरडी घट्ट आणि स्थिर असते. पण काही औषधांनी हिरडी वाढू लागते आणि दातांवर चढते. रक्तदाबाची अम्लोडिपिन, निफेडिपिन, फिट्सवरचं फेनिटॉइन, आणि अवयव प्रत्यारोपणानंतर देतात ते सायक्लोस्पोरिन, ही त्यातली ठळक नावं. सगळ्यांना असं होत नाही, आणि तोंड स्वच्छ असेल तर प्रमाण कमी राहतं. असं दिसलं तर औषध स्वतःहून बंद करू नका. रक्तदाबाची गोळी बंद करणं हिरडीपेक्षा कितीतरी महागात पडेल. दंतवैद्य आणि औषध देणारे डॉक्टर, दोघांनाही सांगा. पर्यायी औषध असू शकतं.

घरी काय करायचं?

जाता जाता थोडक्यात.

हिरडी पातळ वाटत असेल तर ब्रश मऊ घ्या. तो हिरडीच्या कडेशी साधारण ४५ अंशांत तिरका धरा, जागच्या जागी हलकेच थरथरवा आणि दाताच्या टोकाकडे फिरवा. ब्रश मुठीत न धरता पेनसारखा धरला तर जोर आपोआप कमी होतो. आईला ही एकच युक्ती सर्वांत उपयोगी पडली. नव्या ब्रशचे केस महिनाभरात फाकले तर समजा, जोर जास्त होतोय.

हिरडी जाड असेल तर 'काही दिसत नाही' यावर विसंबू नका. वर्षातून एकदा तरी प्रोबने खोली मोजून घ्या, आणि आकडा विचारा. '३ च्या आत आहे का?' एवढं पुरे. फटींसाठी इंटरडेंटल ब्रश वापरा. सिगारेट किंवा तंबाखू असेल तर रक्त न येण्याचा अर्थ 'सगळं ठीक' असा लावू नका.

आणि दोघांनीही: दात हलतोय, तोंडाला सतत वास येतोय, दोन दातांमध्ये नवीन फट पडलीय, एकाच बाजूने खायची सवय लागलीय, यांपैकी काहीही असलं तर थांबू नका.

मामाचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. दोन दाढा गेल्या. बाकीच्यांची आतून खोल सफाई झाली, एका बाजूला छोटी शस्त्रक्रियाही. आता दर तीन महिन्यांनी जातो. इम्प्लांट हवंय त्याला, पण डॉक्टर म्हणाल्या, आधी आजार ताब्यात आणि सिगारेट बंद, मग बघू. सिगारेट चार महिन्यांपासून बंद आहे. परवा फोनवर मला विचारत होता, "तुझी मोजून घेतलीस का?"

मी घेतली. वर जाड, खाली पातळ. दोघांचं थोडं थोडं आलंय माझ्याकडे.

तुम्हीही मोजून घ्या, आणि आकडा काय आला ते कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, आणि ब्रश पेनसारखा धरा!